आभारप्रदर्शन

आमच्या घरच्यांनी लिटिल अंदमानच्या किनाऱ्यावर, नारळाच्या झाडाखाली, एका परक्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल नव्हती म्हणून पंचा दिला. पंचा माझा होता.

या सहलीचं विमान, जहाज, खोल्या, गोळ्या, आधारकार्डाच्या झेरॉक्स हे सगळं मी बघितलं होतं. मेहुण्याला साहस हवं होतं. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, त्याला नको होतं, कारण ‘तिकडे सगळेच जातात’. त्याला जिथे कुणी जात नाही तिथे जायचं होतं, फक्त तिथे गरम पाणी हवं होतं. म्हणून लिटिल अंदमान. पोर्ट ब्लेअरहून सरकारी जहाजाने सात-आठ तास. (गावाचं नाव २०२४ साली श्रीविजयपुरम झालंय, पण सासूबाईंनी ते मंजूर केलेलं नाही.) त्या जहाजाची तिकिटं मिळवणं हा एक वेगळा लेख आहे. तो मी लिहिणार नाही, कारण घरात तो कुणी वाचणार नाही.

तर तो परका माणूस, म्हणजे काका. ते जहाजात समोरच्या बंकवर होते. एकटेच. सौभाग्यवती आल्या नव्हत्या. त्या माउलीला मी न बघताच मानतो. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या, असं विचारलं की ‘होतं एक’ म्हणायचे.

रटलंड बेट मागे पडलं आणि डंकन पॅसेजमध्ये जहाज डुलायला लागलं. मी डोळे मिटून पडलो होतो.

“पहिल्यांदाच का बोटीत?” आवाज आला.

मी मान हलवली.

“मग उलटी होणार.”

“गोळी घेतलीय मी.”

“कधी?”

“जहाजात चढल्यावर.”

“मग होणारच. गोळी निघायच्या आधी घ्यायची असते.” आणि त्यांनी पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं.

हे अंडं मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं. अंडं बंकच्या लोखंडी दांड्यावर टक टक टक करत गोल फिरवून फोडलं. मग नखाने टरफलाचा एकेक तुकडा काढून कागदावर मांडत गेले, घाई नाही, गडबड नाही. आतला पातळ पापुद्रा निघेना, तर तो चिमटीत धरून लांब ओढला आणि उजेडात धरून बघितला. पुडीतलं मीठ-मिरी लावलं. वास सुटला. अर्धं खाऊन उरलेलं अर्धं, आतला पिवळा बलक माझ्याकडे करून, त्यांनी पुढे केलं.

“घ्या. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो.”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“कसं असतं,” काका म्हणाले, “आपल्या कानात पाणी असतं. जहाज हललं की ते हलतं. कान म्हणतो, आपण हलतोय. डोळ्याला मात्र समोरची भिंत जागच्या जागी दिसते. तो म्हणतो, काही हलत नाहीये. आता मेंदू काय करणार? यातला एक जण खोटं बोलतोय, एवढंच त्याला कळतं. आणि शिक्षा देतो पोटाला. आमच्या खात्यात अगदी हेच चालायचं.”

माझा खरा राग इथे आहे. हे सगळं बरोबर होतं. घरी येऊन मी वाचलं. गोळीचंही बरोबर होतं. माणूस एक तर चुकीचा असावा, नाही तर अंडं खाणारा नसावा.

“वर चला डेकवर. क्षितिज बघा. डोळ्याला हलताना दिसलं की भांडण मिटतं.”

हेही बरोबर. मी कठड्याला धरून क्षितिजाकडे बघत उभा राहिलो, आणि खरंच जरा बरं वाटायला लागलं. पण काकाही वर आले होते.

“नोकरी कुठे?”

मी सांगितलं.

“पर्मनंट?”

“हो.”

“जागा स्वतःची की भाड्याची?”

“स्वतःची.”

“कार्पेट किती?”

सहाशेचा आकडा तोंडापर्यंत आला आणि त्याच्या मागोमाग सगळंच आलं.

काकांनी माझ्या शर्टाची कॉलर मागून धरली. का, ते त्यांनाच ठाऊक. कठडा छातीएवढा होता आणि मी त्याच्या अलीकडे होतो. “येऊ द्या, येऊ द्या,” ते म्हणत होते. “किती सांगितलंत? सहाशे? बिल्डरने पार्किंग दिलं का?” तेवढ्यात आमचं सगळं कुटुंब वर आलं. मी वाकलेलो, काकांच्या मुठीत माझी कॉलर, वारा, खाली निळाशार समुद्र. मुलीने व्हिडिओ घेतला.

“तुम्ही नसतात तर आमच्या जावईबापूंचं काय झालं असतं!” सासूबाई म्हणाल्या.

काय होणार होतं? उलटीच झाली असती. हीच, एवढीच, फक्त खासगीत झाली असती.

लिटिल अंदमानच्या हट बे बंदरात उतरेपर्यंत काका आमचे झाले होते. मेहुण्याने त्यांची बॅग घेतली. माझ्या दोन्ही हातांत तीन बॅगा होत्या, त्या माझ्याच राहिल्या.

आता सूर्याचं सांगतो. बायकोला समुद्रात मावळणाऱ्या सूर्यासमोर सगळ्यांचा फोटो हवा होता. आम्ही चहा पिऊन साडेपाचला बटलर बेवर पोहोचलो तर अंधार पडत आलेला. देशाचं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि हे बेट जवळपास ९२.५ वर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तरी सूर्य तिथे घड्याळाच्या चाळीस मिनिटं पुढे असतो, आणि थंडीत पाच-सव्वापाचलाच आटोपतं घेतो. शिवाय बटलर बे पूर्व किनाऱ्यावर. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. मावळतो तो पाठीमागे, झाडीत. हे सगळं मी वाळूवर काडीने रेखांश काढून समजावलं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” बायको म्हणाली.

याला उत्तर नसतं. माहीत नसतं तर ‘एवढंही बघितलं नाहीस’ असं झालं असतं. पृथ्वीच्या परिवलनाची जबाबदारी आमच्या घरात माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काकांनी सगळ्यांची दारं वाजवली आणि सगळ्यांना त्याच किनाऱ्यावर नेऊन समुद्रातून उगवणारा सूर्य दाखवला. ‘काय सुंदर जागा शोधलीत काका!’ जागा मी शोधली होती. सूर्यही कालचाच होता.

मग मेहुणा लाटांवर फळी घेऊन पडायला गेला. मगरीपासून सावध राहण्याचा फलक मी त्याला दाखवला, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखरच आहेत, फलक शोभेला लावलेले नाहीत. तर मी ‘निगेटिव्ह’. काका म्हणाले, “मगर शांत पाण्यात असते, खाडीच्या तोंडाशी. इथे लाटा आहेत, तरी आधी गावातल्या माणसाला विचारू.” तर काका ‘अनुभवी’. वाक्य तेच हो! सावध राहा हेच दोघं म्हणत होतो. पण एकाच्या हातात तीन बॅगा असतात आणि दुसऱ्याच्या हातात शहाळं, म्हणून फरक पडतो.

शेवटच्या संध्याकाळी सासूबाई उठून म्हणाल्या, “आता आभारप्रदर्शन.” मी केसांवरून हात फिरवून सरळ बसलो, हे कबूल करतो. आभार मानले गेले ते असे: जहाजाच्या कप्तानाचे, पावसाचे (न आल्याबद्दल), स्वयंपाक करणाऱ्या मुलाचे, मागे-मागे येणाऱ्या कुत्र्याचे, मेहुण्याचे (कल्पना सुचल्याबद्दल), आणि ‘ज्यांच्यामुळे ही सहल सुखरूप झाली ते काका’. श्रीफळाला बेटावर तोटा नव्हता. पंचा दोरीवर वाळत होता. टाळ्या वाजल्या. त्यात मीही वाजवल्या, कारण न वाजवणारा लगेच दिसतो.

रात्री खोलीत मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “घरच्यांचे कुणी आभार मानतं का?” मेहुणा घरचाच आहे हे मी म्हणणार होतो. पण सकाळचं जहाज चार वाजता गाठायचं होतं आणि गजर मीच लावायचा होता.

विनोद पुरे. दोन महिने रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसणारा माणूस घरात दिसत नाही. जहाजाची वेळ बदलली तर मात्र तोच एकदम सगळ्यांना दिसायला लागतो. काही चुकलं नाही तर ‘आपोआप’ झालं. हा आपोआप कोण, एकदा भेटला पाहिजे.

आणि विमानतळ. क्ष-किरण यंत्रातून बाहेर आल्यावर माझी बॅग बाजूला घेतली गेली. मोज्यांत गुंडाळलेला प्रवाळाचा पांढरा, बोटं फुटलेला तुकडा निघाला. अंदमानातून मेलेलं प्रवाळसुद्धा नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. म्हणजे मी वाघ मोज्यात घालून चाललो होतो. वर्दीतल्या बाईंनी सगळ्यांसमोर मला शाळेतल्यासारखं झापलं, तुकडा काढून घेतला आणि हाकललं. मोजे काकांचे होते. “तुमच्या बॅगेत जागा दिसली म्हणून ठेवलं,” काका मागच्या रांगेतून म्हणाले. “मला वाटलं तुम्हाला नियम माहीत असतील. तुम्ही सगळं वाचता ना!”

“खरंच, तुला माहीत असायला हवं होतं,” बायको म्हणाली.

आता पुढच्या वर्षी लक्षद्वीप ठरलंय. काका येणार आहेत, सौभाग्यवती नाहीत. तिकडे जायला परमिट लागतं आणि परमिटचं काम कुणाकडे आहे हे सांगायला नकोच. काकांकडे पासपोर्ट साइजचा फोटो मागितला. त्यांनी बटलर बेवरचा पाठवला, गॉगल लावलेला, गळ्यात पंचा. “यातला आजूबाजूचा भाग कापून घ्या,” असं खाली लिहिलंय. आजूबाजूच्या भागात मी आहे.