बीबीचा मकबरा

सायकलने पहिल्यांदा 'कट्ट' केलं ते खडकवासल्याच्या पुढच्या चढावर. उजवा पाय खाली गेला की कट्ट, डावा गेला की गप्प. पायडल मारणं थांबवलं की आवाज थांबायचा, पण मग सायकलही थांबायची. चढ होता.

मी मेकॅनिकल इंजिनियर. गेली 28 वर्षं गिअरबॉक्स डिझाइन करतो. माझे गिअरबॉक्स साखर कारखान्यात अख्खा गळीत हंगाम रात्रंदिवस ऊस चिरडतात आणि हूं की चूं करत नाहीत. आणि माझ्याच बुडाखाली कट्ट?

रविवारच्या आमच्या टोळक्यात चहाच्या टपरीवर निदान सुरू झालं. एक म्हणाला, सीटपोस्ट. दुसरा म्हणाला, पायडल. तिसऱ्याने चेनरिंगचे बोल्ट सुचवले. चौथ्याने नुसतं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि चहा ढवळत राहिला. दोष त्यांचाही नाही. पोकळ नळ्यांची फ्रेम म्हणजे जुना वाडा. भांडण चाललंय हे सगळ्यांना ऐकू येतं, कुणाच्या खोलीत ते कळत नाही.

शेवटी सायकल कोपऱ्यावरच्या मामांकडे टाकली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुर्दैवाने स्पीकर चालू होता.

"साहेब, तुमची बीबी गेली. दुसरी टाकू का?"

"त्यांना काय विचारताय, टाका!" स्वयंपाकघरातून उत्तर गेलं.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही क्रँकना, म्हणजे पायडलांच्या दांड्यांना, जोडणारा एक्सल ज्या बेअरिंगांवर फिरतो, ती फ्रेमच्या तळाशी असलेल्या एका आडव्या नळकांड्यात बसतात. तिचा संसार सोपा नाही. 80 किलोचा माणूस 170 मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला, की 48 दात्यांच्या चेनरिंगवर साखळीला 140 किलोची ओढ बसते. हा सगळा भार बीबी सोसते, तोही एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. माझी बेअरिंगं तेलात डुंबत असतात. हिच्या वाट्याला चिमूटभर ग्रीस.

म्हटलं, आपण हिशेब करू. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे भार 10 टक्क्यांनी कमी केला, की आयुष्य जवळजवळ 37 टक्क्यांनी वाढतं! हे मी आनंदाच्या भरात मोठ्याने वाचलं.

"मग आठ किलो कमी करा की," बायको म्हणाली. "ते फुकट आहे."

खरं तर बीबी या हिशेबापर्यंत पोचतच नाही. तिला मारतं पाणी. सीटच्या नळीतून उतरलेलं पावसाचं पाणी सगळ्यात खाली, म्हणजे हिच्याच दारात येऊन थांबतं. सील घट्ट ठेवलं तर पायांना जड लागतं, सैल ठेवलं तर जुलैत पाणी आत. दुसरी बीबी ऑगस्टमध्ये गेली, तिसरी पुढच्या जूनमध्ये. मेलेल्या बेअरिंगांचा अभ्यास करायचा म्हणून मी ती गॅलरीतल्या फळीवर मांडून ठेवली. बायकोने त्या फळीचं नाव ठेवलं: बीबी का मकबरा.

तिसऱ्या वेळी मामांनी जुनं बेअरिंग दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. "साहेब, यात छर्रे आहेत का साबुदाणा?"

त्यांनी ग्रीसच्या डब्यात बोट घालून काळ्या सायकलीचा एक छर्रा काढला. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर. माझ्या बेअरिंगचं आतलं भोक 30 आणि बाहेरचा व्यास 42. म्हणजे आतली रिंग, छर्रा आणि बाहेरची रिंग मिळून एका बाजूची जाडी 6 मिलिमीटर. जुन्या सायकलीचा एकटा छर्रा माझ्या अख्ख्या बेअरिंगच्या भिंतीपेक्षा जाड!

हे असं का झालं, तेही मला ठाऊक होतं. मीही तेच केलं असतं. एक्सलचा पीळ सोसण्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 24 चा एक्सल 30 चा करायचा मोह कुणाला आवरेल? पण एक्सल जाड झाला की छर्रे बारीक होतात. छर्रे मोठे घ्यावेत तर नळकांडं फुगतं. बेअरिंगं लांब लांब बसवावीत तर पायडलं फाकतात, आणि माणसाचे गुडघे काही नव्या मॉडेलमध्ये येत नाहीत. चार भावांची वाटणी आणि जमीन, म्हणजे नळकांड्याची रुंदी, 68 मिलिमीटर. मी 11 रात्री जागून 14 ड्रॉइंगं काढली. चौदाव्यात टाच चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला, घासत होती.

आणि कट्टचं काय? तर माझ्या फ्रेममध्ये आटेच नाहीत. बेअरिंग नुसतं दाबून बसवलेलं. भोक शतांश मिलिमीटरभर मोठं असलं, किंवा समोरासमोरची दोन भोकं एका रेषेत नसली, की दर दाबाला बेअरिंग जागच्या जागी कूस बदलतं. तोच तो आवाज. कंपन्याही यातून पोळल्या असाव्यात, कारण पुढे टी 47 नावाचं माप निघालं: नळकांडं मोठं, पण बीबी पुन्हा आट्यांवर.

"आटे पाहिजेतच," मामा म्हणाले, जणू त्यांना विचारूनच ठरलं होतं.

आट्यांच्या या विजयाने मला चेव आला. वडिलांची काळी सायकल माळ्यावरून काढली. क्रँक अडकवणाऱ्या कॉटर पिना हातोडीने ठोकून काढल्या, छर्रे बसतात तो डावा कप निघाला, छर्रे मोजून वाटीत ठेवले, एका बाजूचे 11. उजवा कप मात्र हलेना. पान्याला अर्धा मीटरचा पाइप लावला. तरी हलेना. पाय भिंतीला लावून ओढलं. पाना सटकला, मी भिंतीवर, वाटी पालथी. छर्रे सोफ्याखाली.

मामा येऊन पाच मिनिटं नुसते बघत राहिले. "साहेब, तुम्ही काढत नव्हता. आवळत होता."

ब्रिटिश पद्धतीच्या बीबीत उजव्या कपाचे आटे उलटे असतात. सरळ आट्यांचा कप छर्ऱ्यांच्या फिरण्याने हळूहळू सुटत जातो, म्हणून. हे मी दर वर्षी नव्या ट्रेनी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावतो. त्या आकृतीचं टाळ्या वाजवून कौतुक होतं.

छर्रे सापडले 9. उरलेले दोन पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत मिळतील.

नव्या सायकलीला मामांनी आता अशी बीबी टाकलीय, की दोन्ही बाजूंचे कप आतल्या आत एकमेकांतच आट्यांनी आवळले जातात. आवाज गेला. पहिले काही दिवस ती शांतता मला अंगावर यायची, इतकी सवय झाली होती.

गेल्या रविवारी त्याच चढावर एक कॉलेजातला मुलगा पुढे होता. स्पष्ट ऐकू येत होतं: कट्ट. कट्ट. मला भरून आलं. जोर लावून त्याला गाठलं आणि म्हटलं, "मित्रा, सीटपोस्ट नाही, पायडलही नाही. पाय थांबव बघू जरा."

त्याने पाय थांबवले.

कट्ट.