डाळ-भातानं स्वादुपिंड गोंधळत नाही

"प्रथिनांना आम्ल लागतं, पिष्टाला अल्क. दोन्ही एकत्र खाल्लंत तर रस एकमेकांना मारतात, स्वादुपिंड गोंधळतं, अन्न पोटात सडतं. डाळ-भात वेगवेगळ्या वेळी खा." घराघरांतल्या ग्रुपवर हा मेसेज 'प्राचीन ज्ञान' म्हणून फिरतोय. प्राचीन कसलं! विसाव्या शतकात विल्यम हॉवर्ड हे (Hay) या अमेरिकी डॉक्टरांनी लोकप्रिय केलेल्या आहारपद्धतीचं हे उष्टं आहे.

'रस एकमेकांना मारतात.' मारतात, आणि मारायलाच हवेत. जठरातलं आंबट अन्न लहान आतड्यात उतरलं आणि तिथला पीएच (तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ च्या खाली गेला, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात सिक्रेटिन हे हॉर्मोन, म्हणजे निरोप नेणारं रसायन, सोडतात. ते पोचताच स्वादुपिंडातून बायकार्बोनेटचा पातळ, अल्कधर्मी रस येतो आणि आम्ल शमतं. त्याशिवाय अन्न फोडणारी पुढची एन्झाइम्स नीट कामच करू शकत नाहीत. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल घातलं. तरीही स्वादुपिंड पाझरलं, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगनी १९०५ मध्ये वापरला तो या शोधानंतर. मेसेज ज्याला बिघाड म्हणतो, त्यातूनच हॉर्मोनची कल्पना पुढे आली!

'स्वादुपिंड गोंधळतं.' गोंधळायला आधी निवड करावी लागते. आतड्यात मेद आणि प्रथिनांचे तुकडे आले की कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं हॉर्मोन सुटतं. ते काही थेट, काही व्हेगस या मेंदूतून पोटाकडे येणाऱ्या मज्जातंतूमार्फत स्वादुपिंडाला जागं करतं, आणि जाता जाता पित्ताशयही आकुंचित करतं. मग पिष्टासाठी अमायलेज, मेदासाठी लायपेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिनोजेन असं सगळं एकाच रसातून येतं. एकेका पदार्थासाठी वेगळी पाळी नसते. बरं, नुसती तूरडाळ खाल्ली तरी तिच्यात प्रथिनांपेक्षा पिष्टमय पदार्थच जास्त. ती कशी वेगळी करणार?

'अन्न सडतं.' जठरातल्या तीव्र आम्लात? राजमा-पावट्यानं गॅस होतो, पण तो मोठ्या आतड्यात. आपली एन्झाइम्स न फोडू शकणाऱ्या शर्करा तिथले जिवाणू खातात.

स्वादुपिंड खरंच कमी पडतं तेव्हा शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, वजन घटतं. अशा वेळी डॉक्टर शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासतात आणि गरज असेल तर जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. त्या एकाच कॅप्सूलमध्ये अमायलेज, लायपेज आणि प्रथिनं फोडणारं प्रोटिएज तिन्ही असतात.