‘वेगळे गट कशाला?’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: “समलिंगी आणि ट्रान्स लोकांना आता सगळे स्वीकारतात. तरी यांना वेगळे गट हवेत. तिथे पोरांना ‘तसं’ व्हायला शिकवतात, घरच्यांपासून तोडतात. बाकी समाजाशी यांना देणंघेणं नाही.” यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘सगळे स्वीकारतात.’ कायदा बदलला म्हणून घर बदलतं असं नाही. धर्मावरून, रंगावरून हिणवलं गेलेलं मूल घरी येऊन आईच्या कुशीत रडू शकतं. तिनेही बहुतेक वेळा तेच सोसलेलं असतं. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा मुलाचे आईवडील मात्र सहसा क्वीअर नसतात. ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणणारं माणूस त्याला बाहेरच शोधावं लागतं. गटाची गरज इथून सुरू होते, आणि कधी कधी ती जगण्यामरण्याची असते. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये, एड्स हे नावही रूढ झालं नव्हतं तेव्हा, ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ या समलिंगी पुरुषांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेच्या रॉजर मॅकफर्लेन या स्वयंसेवकाने घरच्या फोनवर मदतसेवा सुरू केली. पहिल्याच रात्री शंभरावर फोन आले. पुढे या संस्थेचे ‘बडी’ (सोबती) म्हणवणारे स्वयंसेवक रुग्णांच्या घरी जाऊन स्वयंपाक करत, बाजारहाट करत, उशाशी बसत. १९८३मध्ये अमेरिकेत समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावर बंदी आली, तेव्हा सॅन दिएगोतल्या लेस्बियन स्त्रिया आजारी मित्रांसाठी रक्त द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. हा आधार तेव्हा दुसरं कोण देणार होतं?

‘तसं व्हायला शिकवतात.’ शिकवून लैंगिक कल ठरत असता तर स्त्री-पुरुष प्रेमाचेच धडे गिरवत वाढलेल्या या मुलांत एकही समलिंगी निघालं नसतं. गटात मूल फार तर स्वतःला चोरासारखं वागवणं सोडायला शिकतं.

‘घरच्यांपासून तोडतात.’ हा आरोप मला सर्वात जास्त लागतो. जीन मॅनफर्ड या न्यूयॉर्कच्या शिक्षिका. त्यांच्या समलिंगी मुलाला, मॉर्टीला, १९७२ साली निदर्शनात मारहाण झाली. त्याच जूनमध्ये, आईवडिलांनी आपल्या समलिंगी मुलांच्या पाठीशी उभं राहावं असा फलक घेऊन त्या त्याच्यासोबत मोर्चात चालल्या. अनोळखी मुलंमुली धावत येऊन विनवू लागली, ‘माझ्या आईवडिलांशी बोला ना!’ घर तोडायला निघालेलं पोर असं विनवेल? १९७३मध्ये मॅनफर्ड यांनी पालकांची पहिली बैठक घेतली, जेमतेम वीस माणसांची. त्यातूनच ‘पीफ्लॅग’ ही अशा पालकांची संघटना उभी राहिली.

गटांत सगळं गोड असतं असंही नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सभेत ट्रान्स कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा यांची आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. बेघर क्वीअर मुलांना आसरा मिळवून देणाऱ्या बाईची! ती लाज आमचीच, आणि ती लपवायचं कारण नाही.

राहिलं ‘देणंघेणं नाही’. १९८४मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप सुरू असताना लंडनचे गे आणि लेस्बियन कार्यकर्ते बादल्या घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि साउथ वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या संपकरी कुटुंबांसाठी पैसे गोळा केले. १९८५च्या लंडन प्राइडमध्ये, म्हणजे क्वीअर लोकांच्या वार्षिक मोर्चात, खाणकामगार आपले बॅनर घेऊन सर्वांच्या पुढे चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला, तेव्हा खाणकामगार संघटनेची मतं त्याच्या बाजूने पडली.