‘दान करायचं तर विकता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकून काही रक्कम घरखर्चाला आणि काही संस्थेला द्यावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. दान करायचं तर वस्तू तशीच द्यावी, तिचा बाजार मांडू नये. संस्थेचं नाव पुढे करून घरखर्च भागवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आणि शे-दोनशेच्या वस्तूमागे एवढी खटपट परवडत नाही. शेवटी तुम्ही असंही लिहिलंत की आईच्या चार पैठण्या, एक तांब्याचा हंडा आणि दोन पेट्या पुस्तकं घरात पडून आहेत, आणि त्यांचं काय करावं हे कुणी नीट सांगत नाही. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा निम्मा, आणि पहिला अजिबात नाही.

पहिल्यापासून सुरू करते. वस्तू तशीच देणं सोपं वाटतं, पण ती घेणाऱ्याला निवडणं, धुणं, साठवणं आणि पोचवणं हे सगळं करावं लागतं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण तिथल्या लोकांच्या उपयोगाचे कपडे त्यात थोडेच होते. वृद्धाश्रमाला पैठणीचा उपयोग नाही, त्यांना डायपर, औषधं आणि स्वयंपाकाचा गॅस लागतो. पैठणी विकून आलेले पैसे त्यांच्या खात्यात गेले तर त्याच महिन्यात कामाला येतात. स्वच्छ चादरी, सध्याच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, चालू स्थितीतली व्हीलचेअर अशा वस्तू थेट द्याव्यात, पण आधी फोन करून विचारूनच.

यात कराचाही एक भाग आहे. ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो ती देणगीची सवलत वस्तूरूपातल्या देणगीला मिळत नाही, फक्त पैशाच्या देणगीला मिळते. रोख २,००० रुपयांपर्यंतच चालते, त्यापुढची रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने गेली पाहिजे. आणि ही सवलत जुन्या करपद्धतीत आहे, नव्या पद्धतीने विवरण भरणाऱ्याला नाही. दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या वापरातली साडी, भांडी, फर्निचर विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण या वैयक्तिक वापराच्या वस्तू धरल्या जातात. दागिने, चित्रं, शिल्पं आणि कलावस्तू मात्र या सुटीत बसत नाहीत, त्या विकल्या तर नफा दाखवावा लागतो.

आता दुसरा आक्षेप. ‘विक्रीतला काही भाग समाजकार्यासाठी’ असं मोघम लिहून विकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. ‘काही भाग’ म्हणजे किती, कुणाला, कधी, याचा पत्ताच नसतो. ‘नफ्यातले २० टक्के’ हेही तितकंच पोकळ. जुन्या साडीत नफा कुठून मोजायचा? कुरिअर, पिशवी, ड्रायक्लीनिंग, परत आलेलं पार्सल असं सगळं वजा करत गेलं की टक्केवारी शून्याची होते. म्हणून आकडा रुपयांत हवा, तोही विकण्याआधी ठरलेला आणि वस्तूच्या वर्णनातच लिहिलेला. वाक्य असं: ‘किंमत १,८०० रुपये. यातले ५०० रुपये मी माझ्या नावाने अमुक संस्थेला देणार आहे, उरलेले घरखर्चासाठी.’ घरखर्च हा शब्द लपवू नये. गिऱ्हाईक तो वाचून घेत असेल तर त्याची फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाच्या धर्मादाय योजनेतही विक्रेत्याला किमतीच्या १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत वाटा ठरवता येतो आणि तो वस्तूच्या पानावर छापलेला दिसतो. तिथे उरलेले पैसे विक्रेत्याने घेण्यात कुणाला गैर वाटत नाही, कारण सगळं समोर आहे.

हिशेब असा बसतो. साडी १,८०० ला गेली. कुरिअर १२०, पिशवी आणि टेप १५, ड्रायक्लीनिंग १५०. खर्च २८५. संस्थेचे ५०० ठरलेलेच, त्यातून खर्च कापायचा नाही. घराला १,०१५. उद्या कुरिअर महागलं तर झळ घरच्या वाट्याला बसेल, संस्थेच्या नाही. एवढं पाळलं की बाकीचं प्रामाणिक राहतं.

किंमत मात्र वस्तूचीच लावायची. हजाराची साडी ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून पंधराशेला विकली तर तो गिऱ्हाइकाच्या भिडेचा गैरफायदा आहे. तसंच डागाचं. दानाचं नाव लागलं की गिऱ्हाईक तक्रार करायला संकोचतं, म्हणून डाग, विरलेली घडी, उसवलेला फॉल यांचा जवळून काढलेला फोटो आधी टाकावा, पदराचा सुंदर फोटो नंतर.

यातली सर्वांत मोठी चूक पैशाच्या वाटेत होते. ‘संस्थेसाठी पैसे माझ्या जीपेवर पाठवा’ असं कधीही लिहू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे, नोंदणी नसलेल्या व्यक्तीने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी काढतात तीच. तुम्ही तुमची वस्तू विकता, पैसे तुमचे होतात, त्यातले तुम्ही तुमच्या नावाने देता, हा व्यवहार स्वच्छ आहे. पावती तुमच्या पॅनवर येते. मैत्रीण म्हणाली, ‘माझीही साडी विक आणि पैसे संस्थेला दे,’ तर विकून सगळी रक्कम तिला द्यायची आणि देणगी तिने स्वतः करायची. दहा जणींच्या साड्यांचे पैसे एका खात्यात साठवले की महिन्याभरात कुणाचे किती हे सांगता येत नाही, आणि संशयाला तेवढं पुरतं.

संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह वापरण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्या, ईमेलवर एक ओळ पुरते. देणगी लगेच करू नये, गिऱ्हाइकाला दिलेली परतीची मुदत संपू द्यावी. सात दिवसांची मुदत असेल तर महिन्याअखेरपर्यंतच्या विक्रीची देणगी पुढच्या १० तारखेला, एकदाच. वहीत सहा रकाने पुरेत: तारीख, वस्तू, मिळालेली रक्कम, खर्च, संस्थेचा वाटा, देणगीच्या पावतीचा क्रमांक. शेवटचा रकाना रिकामा दिसला की आपोआप टोचणी लागते. पावतीचा फोटो पॅन आणि पत्ता झाकून त्या महिन्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवावा. तो मागितल्यावर पाठवण्यात आणि आपणहून पाठवण्यात फार फरक आहे.

तिसरा मुद्दा, खटपट. एका वस्तूचे फोटो, मापं, वर्णन, ‘शेवटची किंमत सांगा’ला उत्तरं, पॅकिंग आणि पोस्टाची फेरी हे सगळं धरून पाऊण तास सहज जातो. त्यामुळे २५० रुपयांच्या आतली वस्तू सुटी विकूच नये. बाळाचे सहा झबले, चार कुंच्या आणि एक दुपटं असा एक गठ्ठा करावा, किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरी येऊन न्या’ म्हणून टाकावं. मूळ लेखात मी ही मर्यादा घातली नव्हती, ती आज घातली आहे.

आता तुमच्या वस्तू.

पैठण्या चारही उलट्या करून उजेडात बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरची आणि काठावरची नक्षी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या पैठणीला मागच्या बाजूने सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणून पदराच्या मागच्या बाजूचा फोटो हाच विक्रीतला मुख्य फोटो. मग घड्या. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या रेघेवर विरतं. साडी खिडकीसमोर धरली की बारीक उजेडाची रेघ दिसते. ती दिसली तर ‘नेसण्याजोगी’ असं लिहू नका, ‘काठ-पदर वापरण्याजोगे’ असं लिहा. ड्रेस आणि दुपट्टे शिवणारे अशाच साड्या शोधत असतात.

साडीवरचं जरीचं काम जुनं असेल तर विकायची घाई करू नका. आतल्या टोकाकडून जरीचा एक धागा काढून काडीच्या ज्योतीवर धरा. प्लास्टिकचा धागा असेल तर तो आकसून त्याची गोळी होते. धातू शिल्लक राहिला तर तो तांबं आहे की चांदी हे सराफ कसोटीवर घासून सांगतो. खऱ्या जरीची साडी वजनावर घेणारे व्यापारी असतात, आणि अशा साडीचा भाव ऑनलाइन गिऱ्हाइकापेक्षा तिथे जास्त मिळू शकतो. दोन्हीकडे विचारून मग ठरवा.

पाठवताना डांबराच्या गोळ्यांचा वास गेलेला हवा, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हात नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. जुन्या मऊ सुती कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कुरिअरच्या पिशवीत. आत चिठ्ठीवर दोन्ही पत्ते लिहा, बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल त्याने घरी येतं. पॅकिंगचा व्हिडिओ एकसलग काढा: साडी उलगडलेली, वजनकाट्यावर, पिशवी बंद होताना, लेबल. मध्ये कट असेल तर वादात तो व्हिडिओ कामाचा नाही.

हंडा कुरिअरने पाठवू नका. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३५ सेंमीच्या चौकोनी खोक्यात हंडा बसला तर ३५ × ३५ × ३५ भागिले ५,००० म्हणजे साडेआठ किलोच्या वर. हंडा चार किलोचा असला तरी भाडं नऊ किलोचं, आणि वाटेत काठ चेमटला तर निम्मी किंमत गेली. आधी मोडीचा भाव विचारून ठेवा, तो तुमचा तळ. त्याहून जास्त देणारा गावातला माणूस शोधा. घासून चकचकीत करू नका, जुनी काळसर झाक असलेलाच हंडा सजावटीसाठी घेतात. वजन काट्यावर दाखवा आणि तळाचं भोक डाग देऊन (झाळून) बुजवलेलं असेल तर त्याचा फोटो टाका. तांब्या, पळी-पंचपात्र, समई अशा लहान वस्तू पोस्टाने जातात. समईचे पेच सोडवून प्रत्येक भाग वेगळा गुंडाळायचा. हे सारं घरगुती भांड्यांचं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल तर ती १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही.

पुस्तकांसाठी पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघा. १ मे २०२५ ला ती सुरू झाली तेव्हा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा होता, आणि पार्सलचा माग काढता येतो. जमिनीवरून जातं, म्हणून वेळ लागतो. अभ्यासक्रमाची, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं चालतात, पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव लागतं. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं चालत नाहीत, म्हणून पेटीतले दिवाळी अंक वेगळे काढा. सुटी पुस्तकं विकण्यापेक्षा एका लेखकाची किंवा विषयाची पाच-सहा एकत्र बांधा. फोटोत मुखपृष्ठासोबत आवृत्तीचं पान हवं, पहिली आवृत्ती शोधणारा तेच पान मागतो.

पैसे आधी, पार्सल नंतर. आणि पैसे आले हे बँकेच्या खात्यात बघायचं, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील,’ असं सांगणारा भामटा असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. तरी चूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत ती गोठवता येण्याची शक्यता असते.

विरलेल्या साड्यांची गोधडी शिवून विकायचा विचार आला तर तो मात्र धंदा झाला, वैयक्तिक वस्तूंची सूट तिथे लागत नाही. महाराष्ट्रात मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकणाऱ्या लहान विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून ही मोकळीक आहे, पण माल राज्याबाहेर पाठवायचा नाही आणि पॅन देऊन जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, या अटींवर.

चारही पैठण्यांच्या पदराची मागची बाजू आणि काठाचा जवळचा फोटो इथे खाली टाकलात तर हातमाग की यंत्रमाग हे सांगते. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली जरीचा रंग कळत नाही.