तहान लागली? विहीर विका!

देशात घरांची टंचाई आहे आणि गृहनिर्माण खातं नेमकं तुमच्याच गळ्यात पडलंय? घाबरू नका. घरं बांधायची तर जमीन लागते, पैसा लागतो, वेळ लागतो, आणि फीत कापायला तोवर भलताच मंत्री येतो. त्यापेक्षा आहेत ती सरकारी घरं भाडेकरूंनाच विकून टाका. ब्रिटनने ही वाट चांगली मळवून ठेवली आहे.

आधी एवढं बघा, की घर दुसऱ्याचं असावं. 1980 मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कायदा केला: कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, घरात तीन वर्षं काढलेल्या भाडेकरूला ते घर विकत घेण्याचा हक्क. घरं बांधली कौन्सिलांनी, कर्ज कौन्सिलांच्या डोक्यावर, सवलत मात्र दिली केंद्र सरकारने. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! घरावर 33 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत सूट; फ्लॅटवरची तर 1986 च्या कायद्याने 70 टक्क्यांपर्यंत नेली.

(भाडेकरूला नावं ठेवू नका हं. वीस वर्षं भाडं भरलेलं घर निम्म्या किमतीत मिळतंय, तर त्याने का सोडावं? आपण बोलतोय ते दुकान मांडणाऱ्याबद्दल.)

आता गल्ला. इथे हयगय नको. त्या पैशातून कौन्सिलांनी पुन्हा घरं बांधली तर टंचाई संपेल, मग तुम्हाला कोण विचारतो? म्हणून 1989 चा कायदा बघा: घरविक्रीच्या रकमेतले 75 टक्के जुनं कर्ज फेडण्यासाठी बाजूला काढायचे.

ओरड झालीच तर वचन द्या. 2012 मध्ये इंग्लंडात सवलतीची कमाल मर्यादा 75,000 पौंडांवर नेताना सरकार म्हणालं, घरास घर देऊ. खालच्या बारीक अक्षरांत: अंदाजापेक्षा जास्त विकली गेली तेवढ्यांपुरतंच, तीन वर्षांच्या मुदतीत. आणि नव्या घराचं भाडं ‘परवडणारं’. हा शब्द जपून ठेवा, फार कामाचा आहे. सरकारी भाषेत तो बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणता येतो.

विकलेले फ्लॅट यथावकाश भाड्याचा धंदा करणाऱ्या खासगी घरमालकांच्या हाती जातात. बेघर कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर देण्याची कायदेशीर जबाबदारी तर कौन्सिलचीच. मग लंडनमध्ये कौन्सिलं काय करतात? आपणच बांधून स्वस्तात विकलेले फ्लॅट चढ्या भाड्याने परत घेतात. पोटभाडेकरू ऐकले होते. मूळ मालकच भाडेकरू, ही प्रगती.

एक पथ्य पाळा. मतांचा हिशेब मनातच ठेवा. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या शर्ली पोर्टर यांनी निवडणुकीत काठावरच्या आठ वॉर्डांतल्या मतांवर डोळा ठेवून घरं विकायला काढली, आणि 2001 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सर्वोच्च न्यायालय तेच) तो कारभार बेकायदा ठरवला.

स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये हे दुकान बंद केलं. का, तर म्हणे भाड्याने द्यायला घरं उरायला हवीत! इंग्लंडने दम धरला. नोव्हेंबर 2024 मध्ये कमाल सवलत तेवढी प्रदेशानुसार 16,000 ते 38,000 पौंडांवर आणली, तर मुदत संपण्याआधी अर्जांची ही झुंबड. कौन्सिलच्या घरासाठी तिथे सुमारे 13 लाख कुटुंबं यादीत ताटकळत आहेत. निदान घर विकत घेणाऱ्यांची रांग तरी भराभर पुढे सरकली.