वेताळाला जरा कमी दाखवा

परवा भाच्याला घेऊन १९९६ चा 'द फँटम' पाहिला. त्याची पहिली वेळ, माझी बहुधा चौथी. अर्ध्या तासात पठ्ठ्याने विचारलं, "मामा, हा माणूस जांभळे घट्ट कपडे घालून जंगलात का फिरतो? लांबूनच दिसेल ना!"

प्रश्न रास्त होता. उत्तरही मला ठाऊक होतं. पण ते द्यायला सिनेमा थांबवून इंद्रजाल कॉमिक्समध्ये शिरावं लागलं. माझी सगळी तक्रार यातच आली.

ज्यांनी इंद्रजाल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ली फॉकने १९३६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन वर्तमानपत्रात फँटमची चित्रपट्टी सुरू केली. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. आपल्याकडे १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजालचा पहिला अंक निघाला तोच फँटमच्या पट्ट्याच्या गोष्टीचा, आणि मराठीत तो आमचा वेताळ झाला. उडता येत नाही, अंगात जादू नाही, गोळी लागली की रक्त येतं. १५३६ मध्ये चाच्यांनी जहाज लुटलं, बापाला मारलं, एकटा पोरगा किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आत्ताचा एकविसावा. जगाला वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस फिरतोय आणि तो मरत नाही.

आता त्या कपड्यांबद्दल. किनाऱ्यावर पडलेल्या त्या पोराला बांदर जमातीने वाचवलं. ते बांदर तेव्हा वासाका लोकांचे गुलाम. वासाकांचा एक भयंकर दैत्यदेव होता, त्याची मूर्ती होती. पोराने त्या मूर्तीसारखा वेश शिवला आणि वासाकांसमोर जाऊन उभा राहिला. पुढचं सांगायला नको. बांदर सुटले. म्हणजे तो पोशाख हे सोंग आहे, मालकांच्याच देवाचं सोंग घेऊन त्यांना घाबरवण्यासाठी केलेलं. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार पाहत वाढलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. सोंग चढवलेला माणूस कोण, हे रंगपटातल्या मंडळींना माहीत असतं, पण रात्रभर ते कुणी बोलत नाही.

वेताळाच्या गोष्टीत हा रंगपट म्हणजे बांदर. चारशे वर्षं एक अख्खी जमात ही थाप जिवापाड सांभाळते. म्हातारा वेताळ मेला की कवटीच्या गुहेत गुपचूप पुरायचं, पोराला तयार करायचं, आणि जंगलात आवई उठवायची की तो परवाच दिसला होता. ढोल त्यांचे, जंगलातल्या त्या जुन्या म्हणीही त्यांच्याच. वेताळ फक्त मधे उभा राहतो.

सिनेमाने काय केलं? त्याला जादूच्या तीन कवट्या दिल्या आणि त्याच्या अंगठीची चौथी जादूची कवटी करून टाकली. कॉमिक्समध्ये अंगठी म्हणजे निव्वळ शिक्का. जबड्यावर ठोसा बसला की कवटीची खूण उमटते आणि जन्मभर जात नाही. चोर दुसऱ्या देशात पळाला, दाढी वाढवली, तरी कुणीतरी ती खूण पाहतंच. याहून जादू हवी कशाला? पण तिथल्या लेखक-निर्मात्यांना वाटलं असावं की किरणं निघाल्याशिवाय तिकीट विकलं जाणार नाही. सिनेमा त्यानंतरही आपटलाच.

आणि चेहरा. फॉकने वेताळाच्या मुखवट्यामागे बुबुळं कधी काढू दिली नाहीत. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून ते सुचलं असं तो सांगायचा. शहरात जाताना वेताळ ओव्हरकोट, टोपी, काळा चष्मा घालतो. साय बॅरीची चित्रं पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण वेताळ दिसतो कसा हे आमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. सिनेमात बिली झेन न्यूयॉर्कमध्ये उघड्या चेहऱ्याने टॅक्सीतून हिंडतो. झेन मला आवडतो हं, उगाच नावं ठेवणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक निर्मळ मजा आहे, तुटक्या पुलावरचा सुरुवातीचा प्रसंगही झकास आहे. पण देखणा चेहरा एकदा पाहिला की भूत संपलं, उरला हिरो. २००९ च्या मालिकेत तर ताकद थेट आधुनिक सूटमध्येच घातली. तिच्याबद्दल इतकंच पुरे.

एक जागा मात्र सिनेमाला नेमकी सापडली आहे. क्विल नावाचा गुंड. याने आधीच्या वेताळाला, म्हणजे बापाला, पाठीत सुरा खुपसून मारलंय आणि त्याचा पट्टा स्वतःच्या कमरेला लावून मिरवतोय. (पट्टाचोर मारेकरी म्हटल्यावर इंद्रजालच्या पहिल्या अंकाचे वाचक सावरून बसतीलच.) त्याच्यासमोर वेताळ पुन्हा उभा राहतो. ज्याला आपण स्वतःच्या हाताने मारलं तो जिवंत! क्विल झालेल्या जेम्स रेमारचा तो गोंधळलेला चेहरा पाहा. तिथे ना जादू लागली ना किरणं. पण मग दिग्दर्शकाला राहवत नाही आणि मेलेल्या बापाचं भूत येऊन मुलाशी गप्पा मारायला लागतं. अरे बाबांनो, ज्या गोष्टीत भूत नसणं हीच मोठी गंमत आहे, तिच्यात तुम्ही खरं भूत आणलंत?

आता दुसरी अडचण, जिच्यावरून कुठलाही दिग्दर्शक आज बिचकेल. गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर आणि भोवती काळी जमात. हे आज तसंच्या तसं दाखवता येणार नाही, दाखवूही नये. फॉकचा भूगोलही मुळातच हवेतला. सुरुवातीला सगळं आशियात, चाचे 'सिंग', मग देश हळूहळू आफ्रिकेत सरकला, पण वाघ तिथेच राहिले. इंद्रजालवाल्यांनी वेताळाच्या 'बंगाला' देशाचं डेंकाली केलं आणि सिंगचं सिंगा, म्हणजे इथे कुणाच्या भावना दुखायला नकोत. सिनेमाने १९३८ साल धरलं आणि चित्रीकरण थायलंड-ऑस्ट्रेलियात उरकलं. फॉकने स्वतः पुढे देश स्वतंत्र केला, लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष आणला. पण सिंहासन हललं नाही.

माझ्या मते यावरचा उपाय गोष्टीतच पडलाय. गोष्ट बांदरांच्या बाजूने सांगा. त्यांचा म्होरक्या गुरान, त्याला नायक करा. सोंग कुणी घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठे दिसायचं, हे त्याने ठरवावं. एकविसावा नवखा आहे, घाबरलाय, आणि गुरान त्याला शिकवतोय की कुठे उभं राहिलास तर सावली कशी पडते. सिंहासन ही रंगपटातली खुर्ची आहे हे प्रेक्षकाला कळलं की मालक कोण हा प्रश्नच उलटा होतो.

हे मी भाच्याला सांगत होतो तर तो म्हणाला, "मग हिरो दिसणार कधी?"

त्याला आरवलीची गोष्ट सांगितली. वेंगुर्ला तालुक्यातलं आमच्या आजोळाजवळचं गाव. तिथला वेतोबा म्हणजे वेताळच. रात्री गावाच्या हद्दीवरून राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. लहानपणी मी देवळात त्या वहाणांसमोर उकिडवा बसलो होतो. माझे दोन्ही पाय एकीत मावले असते. माझ्या मामाने एक वहाण पालथी करून तळ दाखवला, टाचेकडे घासलेला, कडेला दोरा सुटलेला. मी विचारलं, "मामा, तू कधी बघितलंस त्याला चालताना?" मामा म्हणाला, "देव खंय दिसता रे? वाणो झिजतत, ता बघूचा."

त्या रात्री आजोळच्या माजघरात मला लघवीला लागली होती आणि मी सकाळपर्यंत दाबून धरली. अंगणापलीकडे काहीतरी करकरत होतं. चामडं असेल, फणसाची फांदी असेल.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग रिमोट घेऊन त्याने सिनेमा मागे नेला आणि क्विल कमरेचा पट्टा चाचपतो तिथे आणून पुन्हा लावला.