घाटातला सावधपणा: कुठला रंजक, कुठला असह्य

जिरो दि'इटालिया किंवा टूर द फ्रान्स या तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या आणि एकूण वेळेवर निकाल ठरणाऱ्या शर्यती चालू असताना सायकलिंगच्या चाहत्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. डोंगराळ टप्प्यांवर दिग्गज एकमेकांवर डोळा ठेवून चढत राहतात, कोणी मुसंडी मारत नाही, शेवटच्या किलोमीटरमध्ये थोडी झटापट होते आणि सगळे काही सेकंदांच्या फरकाने माथ्यावर पोहोचतात. तक्रारीत तथ्य आहे, पण तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते असे मला वाटते. एक सावधपणा तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांच्या वाटणाऱ्या धास्तीतून येतो, आणि तो मला पाहायला मनापासून आवडतो. दुसरा एखादा बलाढ्य संघ इतरांवर लादतो, आणि तो खरोखरच असह्य असतो.

लादलेल्या सावधपणाचा नमुना म्हणजे 2012 ची टूर. त्या वर्षी वैयक्तिक टाइम ट्रायलचे (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यांचे) एकूण अंतर शंभर किलोमीटरहून अधिक होते आणि ब्रॅडली विगिन्स हा त्या प्रकारातला वाकबगार खेळाडू होता. त्यामुळे डोंगरात त्याला वेळ कमवण्याची गरजच नव्हती, फक्त कोणी निसटू नये एवढेच पाहायचे होते. त्याच्या स्काय संघातले सहकारी आळीपाळीने पुढे राहून असा एकसारखा, कठोर वेग ठेवत की त्यावर आणखी वेग वाढवणे जवळजवळ कोणालाच परवडत नसे. यामागचे कारण शरीराच्या हिशेबात आहे. खेळाडू आपल्या सहनशक्तीच्या सीमेवर चढत असताना कोणी मिनिटभर त्या सीमेपलीकडे गेला, तर त्याची भरपाई त्याला पुढच्या चढावर करावीच लागते, आणि मागून येणारी संघाची रांग मात्र त्याच वेगाने येत राहते. लावलेली ताकद मोजून हँडलबारवर दाखवणाऱ्या पॉवर मीटरमुळे मागच्यांना हे आकड्यांत दिसते, म्हणून ते घाबरत नाहीत. ला तुसुईरच्या चढावर स्कायच्याच ख्रिस फ्रूमने वेग वाढवला तेव्हा मागे पडू लागला तो त्याचाच कप्तान विगिन्स, आणि फ्रूमला थांबून त्याला सोबत घ्यावे लागले. विगिन्सने ती टूर 3 मिनिटे 21 सेकंदांनी जिंकली. दुसरा आला तो फ्रूमच. जो एकटा पिवळ्या जर्सीला, म्हणजे टूरमधल्या आघाडीवीराला, धोका देऊ शकत होता, तोच त्याच्या सेवेला जुंपलेला होता. अशा शर्यतीला कंटाळवाणी म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही.

2023 च्या जिरोलाही लोकांनी हेच विशेषण लावले, आणि तेथे मात्र मी सहमत नाही. त्या शर्यतीत गेरंट थॉमस आणि प्रिमोझ रोग्लिच यांनी तिसऱ्या आठवड्यापर्यंत फारसे धाडस केले नाही हे खरे. त्रे चिमे दि लावारेदोसारख्या भीषण चढावरही रोग्लिचला थॉमसकडून जेमतेम तीन सेकंद मिळाले. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तीन आठवड्यांच्या शर्यतीत असा नियम नसला तरी घाट मोजकेच असतात, आणि ते एकेक करून संपत जातात तसा राखून ठेवलेल्या प्रत्येक सेकंदाचा भाव वाढत जातो. थॉमस 26 सेकंदांनी पुढे असताना शेवटून दुसऱ्या दिवशी मोंते लुसारीची टाइम ट्रायल आली. तिच्या उत्तरार्धात अतिशय तीव्र चढ होता आणि त्या चढावर रोग्लिचची चेन निसटली. तरीही त्याने ती टाइम ट्रायल जिंकली आणि जिरो 14 सेकंदांनी पटकावला. आदल्या आठवड्यात कोणीतरी दोन मिनिटांची आघाडी घेतलेली असती, तर ती निसटलेली चेन ही केवळ एक फुटकळ नोंद ठरली असती.

अर्थात त्यासाठी प्रेक्षकाने किती दिवस वाट पाहायची, हा प्रश्न उरतोच. पण त्यात थोडा दोष आपल्या पाहण्याचाही आहे. 2017 पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून थेट दाखवला जातो. पूर्वी शेवटचा तास-दोन तास दिसत असे आणि त्याआधीची संथ वाटचाल कॅमेऱ्याबाहेर राही. जुने खेळाडू जास्त शूर होते असे जे वाटते, त्याला हेही एक कारण असावे. (आपल्याकडे रात्री साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास टप्पा संपतो. जेवता जेवता शेवटचा घाट पाहणाऱ्याला ही तक्रार फारशी जाणवत नाही, असा माझा अनुभव आहे.)

उलट, धाडस म्हणजे रंगत हे समीकरणही टिकत नाही. 2024 च्या जिरोमध्ये तादेय पोगाचारने दुसऱ्याच दिवशी आघाडीवीराची गुलाबी जर्सी मिळवली, सहा टप्पे जिंकले आणि शर्यत 9 मिनिटे 56 सेकंदांनी जिंकली. त्याच्या चढण्याचे सौंदर्य मी नाकारत नाही. पण शर्यत कोण जिंकणार हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच संपला होता.

माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट आधार 2025 च्या जिरोतल्या विसाव्या टप्प्याने दिला. कोले देले फिनेस्त्रे हा साडेअठरा किलोमीटरचा घाट, त्याचा वरचा भाग कच्च्या खडीचा. मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत होता, रिचर्ड कारापाझ 43 सेकंदांनी मागे आणि सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंदांनी. येट्स निसटला तेव्हा कारापाझ आणि देल तोरो एकमेकांवर नजर रोखून राहिले. पाठलागाचा भार आपण उचलला तर मागे वाऱ्याच्या आडोशाला बसलेल्या दुसऱ्यालाच फायदा होईल, ही दोघांचीही धास्ती होती. येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट त्याला वाऱ्याचा आडोसा द्यायला घाटापलीकडे पुढे थांबलाच होता. त्या एका टप्प्यात येट्सने देल तोरोवर पाच मिनिटांहून अधिक वेळ मिळवून जिरो जिंकला. याच फिनेस्त्रेच्या टप्प्यावर 2018 मध्ये गुलाबी जर्सीत असलेल्या येट्सने अडतीस मिनिटांहून अधिक वेळ गमावला होता, आणि त्याच दिवशी फ्रूमने ऐंशी किलोमीटर एकट्याने जाऊन शर्यत फिरवली होती. 2018 चा तो दिवस महान मानला जातो. मला मात्र 2025 चा दिवस अधिक थरारक वाटला, कारण दोन चांगले खेळाडू आपल्याच सावधपणात गुंतून जिंकण्याजोगी शर्यत घालवत आहेत हे मिनिटामिनिटाला वाढणाऱ्या फरकातून दिसत होते.

आणि कारापाझला हा प्रकार नवा नव्हता. 2019 च्या जिरोमध्ये रोग्लिच आणि विन्चेन्झो निबाली एकमेकांना सोडायला तयार नव्हते, तेव्हा कुरमायोरच्या टप्प्यावर पुढे निघून गेलेला आणि गुलाबी जर्सी अंगावर चढवलेला तिसरा माणूस तोच होता.